फर्स्ट इयर एमबीबीएस: दिवस नोट्स काढण्यातच जातोय, डोक्यात काहीच राहत नाही

माढ्याचा_पोरगा

नमस्कार. मी माढा तालुक्यातला, दहावीपर्यंत मराठी माध्यम. यंदा सोलापुरात एमबीबीएसला नंबर लागला, हॉस्टेलवर राहतो. अ‍ॅनॉटॉमीत अप्पर लिंब (म्हणजे हात) चालू आहे, फिजिओलॉजीत ब्लड, आणि बायोकेमिस्ट्री कुठून धरायची तेच अजून कळलेलं नाही.

अडचण अशी आहे की मी दिवसभर नोट्सच काढतो. लेक्चरमध्ये मॅडम बोलतात ते सगळं उतरवून घेतो. संध्याकाळी रूमवर आलो की जाड पुस्तक उघडून त्यातलं रजिस्टरमध्ये लिहितो. हेडिंग निळं, आर्टरी लाल, नर्व्ह पिवळी. एक अख्खं रजिस्टर अ‍ॅक्झिलापर्यंतच (काखेपर्यंतच) भरलं. अक्षर बरं आहे म्हणून बॅचमधली पोरं झेरॉक्स मागतात. पण परवा डिसेक्शन हॉलमध्ये सरांनी अ‍ॅक्झिलरी आर्टरीच्या ब्रँचेस विचारल्या आणि मला एकही सांगता आली नाही. आदल्या रात्रीच लिहिल्या होत्या. रूमवर येऊन पान उघडलं तर सगळं ओळखीचं!

विचारायचं हे की नोट्स काढायच्या तरी कशा? काही जण टॅबवर काढतात, तो घ्यावा लागेल का? घरी सांगायला जीव होत नाही, यंदा कांद्यानं काही दिलं नाही. अंकी नावाचं काहीतरी सगळे सांगतात, ते काय आहे? आणि इंग्रजीत वाचलेलं डोक्यात इंग्रजीत राहत नाही, त्याचं काय करू?

पार्ट कम्प्लिशन (एक भाग संपला की होणारी परीक्षा) तोंडावर आहे. कोणी नीट सांगितलं तर उपकार होतील.

सेकंड_इयर_सोलापूर

टॅब घेऊ नको. आमच्या बॅचमध्ये टॅबशिवाय पास झालेले ढिगानं आहेत. आधी युनिव्हर्सिटीच्या मागच्या पेपरांची झेरॉक्स घे आणि कुठल्या टॉपिकवर लाँग क्वेश्चन येतो, कुठल्यावर शॉर्ट, ते बघून ठेव. बोन सेट (अभ्यासाची हाडं) सीनिअरकडून घे, नवीन विकत घेऊ नको. बाकीचं इथं कोणीतरी सविस्तर सांगेलच.

विणकराची_लेक

मी सोलापूरचीच, पूर्व भागातली. घरी तेलुगू, शाळा मराठी, आणि बारावीनंतर एकदम सगळं इंग्रजी. सध्या इंटर्नशिप चालू आहे. तुझ्यासारखी पोरं मी वॉर्डात रोज बघते, म्हणून वेळ काढून लिहिते.

तू मेहनतीत कमी नाहीस. तू जे करतोयस ती नक्कल आहे, आणि नक्कल करताना मेंदूला काही आठवावं लागत नाही. पुस्तक समोर उघडं असतं, हात चालतो, पान भरतं. व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) मात्र सर तुला पान दाखवून ‘हे ओळखीचं आहे का’ असं विचारत नाहीत. तिथं आतून बाहेर काढावं लागतं, आणि त्याचा सराव तुझ्या दिवसात कुठंच नाही.

यावर नीट प्रयोग झालेले आहेत. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या दोघांनी अमेरिकेत विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी तेच परत वाचलं, काहींनी पुस्तक मिटून आठवेल तेवढं लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा परत वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात बरंच जास्त राहिलेलं होतं. म्हणजे रात्री वाचून ‘झालं आपलं’ असं वाटतं ते वाटणं त्या क्षणापुरतं खरं असतं, पण आठवड्यानं ते उपयोगी पडत नाही. २०१३ मध्ये डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या. हायलायटर मारणं आणि परत परत वाचणं तळाला गेलं. स्वतःची परीक्षा घेणं आणि अभ्यास दिवसांत विभागून करणं, ही दोन वर आली. तुझं पिवळं पेन बाजूला ठेव म्हणते ते यासाठी.

आता आज संध्याकाळी काय करायचं ते सांगते.

लेक्चरमध्ये सगळं उतरवू नको. मॅडमनी फळ्यावर काढलेली आकृती, त्यांनी दोनदा सांगितलेली गोष्ट आणि तुला न कळलेली जागा, एवढंच घे. रूमवर आलास की पुस्तकाला हात लावायच्या आधी एक कोरा कागद घे. एका बाजूनं छापलेल्या झेरॉक्सची मागची बाजूही चालते. वर लिही ‘अ‍ॅक्झिलरी आर्टरी’ आणि जे आठवेल ते लिही. सुरुवातीला दोनच ओळी येतील, येऊ देत. घाबरून पुस्तक उघडायचं नाही, दहा मिनिटं त्या कागदाशी झुंजायचं. मग पुस्तक उघड आणि जे राहिलं, जे चुकलं, ते लाल पेनानं त्याच कागदावर भर. ते लाल म्हणजे तुझ्या नोट्स. जे तुला येतंच होतं ते रजिस्टरमध्ये सुवाच्य अक्षरात लिहून काय मिळणार?

अ‍ॅक्झिलरी आर्टरीचंच बघ. पेक्टोरॅलिस मायनर हा छातीचा स्नायू तिचे तीन भाग करतो. पहिल्या भागाला एक ब्रँच, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. हा सांगाडा डोक्यात बसला की सहा नावं कुठं टांगायची ते कळतं. आधी सांगाडा, नंतर नावं. तू बहुतेक सहा नावं एकाखाली एक लिहिलीस, म्हणून ती सुटी राहिली आणि गळून गेली.

पक्क्या नोट्स करायच्याच असतील तर पानाला डावीकडून चार बोटं जागा सोडून उभी रेघ मार. उजवीकडे आकृती आणि मुद्दे, डावीकडे फक्त प्रश्न. ‘तिसऱ्या भागाच्या ब्रँचेस?’ ‘ह्युमरसच्या (दंडाच्या हाडाच्या) सर्जिकल नेकला फ्रॅक्चर झालं तर कुठली नर्व्ह जाते?’ उजवी बाजू झाकायची आणि उत्तर मोठ्यानं बोलायचं. कॉर्नेल विद्यापीठाच्या वॉल्टर पॉक यांनी १९५० च्या दशकात विद्यार्थ्यांना शिकवलेली ही पद्धत. बहुतेक जण रेघ तेवढी मारतात आणि झाकून बोलायचं विसरतात. सगळं सार झाकून बोलण्यातच आहे.

अ‍ॅनॉटॉमी टेबलावर शिक, रूमवर तिची फक्त उजळणी. डिसेक्शनला मागच्या रांगेत उभा राहत असशील तर उद्यापासून पुढं ये. स्ट्रक्चरला हात लाव, त्याच्या आत काय, बाहेर काय, वर काय, खाली काय, ते बोल. ज्यांनी आपला देह दिला त्यांनी तो आपण शिकावं म्हणून दिला. हॉलमध्ये मोबाइलवर फोटो शोधत उभं राहणं मला सहन होत नाही, हे स्पष्ट सांगते. संध्याकाळी तेच स्वतःच्या अंगावर शोध. कोपराच्या पुढच्या बाजूला बायसेप्सचा टेंडन हाताला लागतो, त्याच्या आतल्या अंगाला ब्रेकियल आर्टरी धडधडते, तिच्याही आत मीडियन नर्व्ह. उद्या बीपी घेताना स्टेथो ठेवशील ती हीच जागा. क्यूबिटल फोसाचा (कोपराच्या पुढच्या खोलगट भागाचा) क्रम मग पाठ करावा लागत नाही.

ब्रेकियल प्लेक्सस (हाताच्या नर्व्हचं जाळं) रोज एकदा न बघता काढ. पाच रूट, तीन ट्रंक, सहा डिव्हिजन, तीन कॉर्ड, पाच टर्मिनल ब्रँच. मी जेवणाच्या ताटाची वाट बघत वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर काढायची. आकृती हातात बसली की प्रश्न उलटे विचार: सी५-सी६ हे रूट ताणले तर हात कसा लोंबेल? स्पायरल ग्रूव्हला ह्युमरस मोडला तर मनगट का पडतं? ऑर्थोच्या ओपीडीत मनगट पडलेला माणूस समोर आला आणि मला न थांबता नर्व्ह सांगता आली, ती या उलट्या प्रश्नांमुळे.

फिजिओलॉजीला ही पद्धत पुरत नाही. तिथं नावं कमी, कारणं जास्त. प्रत्येक पानावर एकच प्रश्न ठेवायचा: ‘मग पुढं काय होईल?’ आपल्या गावचंच उदाहरण घे. मे महिना, पारा चाळीसच्या वर, पत्र्याच्या शेडमध्ये माणूस यंत्रमागावर उभा. माझे वडील असेच उभे असतात. घाम जातोय. घामात रक्तापेक्षा मीठ कमी, म्हणजे पाणी जास्त गेलं आणि प्लाझ्मा घट्ट झाला. हायपोथॅलॅमसमधल्या ऑस्मोरिसेप्टरना ते कळलं. तहान लागली, पोस्टेरिअर पिट्युटरीतून एडीएच (पाणी राखणारं हॉर्मोन) सुटलं, किडनीच्या कलेक्टिंग डक्टमध्ये अ‍ॅक्वापोरिन-२ (पाण्याच्या वाटा) पेशींच्या पृष्ठभागावर आले, पाणी परत ओढलं गेलं, लघवी थोडी आणि गडद झाली. इकडे रक्ताचं आकारमान घटलं म्हणून रेनिन, अँजिओटेन्सिन-२, अल्डोस्टेरॉन ही मीठ-पाणी राखणारी साखळी चालू झाली. त्यानं पाणी प्यायलंच नाही तर बीपी उतरेल, बॅरोरिसेप्टरकडून (रक्तवाहिनीतला दाब ओळखणाऱ्या टोकांकडून) जाणारे इम्पल्स कमी होतील, सिंपॅथेटिक नर्व्हचं काम वाढेल, नाडी जलद होईल. मग त्याला कॅज्युअल्टीत आणलं आणि शुद्धीवर असेल तर ओआरएस दिलं. त्यात ग्लुकोज का? लहान आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज एकाच वाहकातून जोडीनं आत जातात आणि त्यांच्यामागं पाणी जातं, म्हणून. डब्ल्यूएचओच्या सध्याच्या ओआरएसमध्ये सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही लिटरला ७५ मिलिमोल ठेवलेत.

बघ, एका माणसाच्या घामातून रीनल, एंडोक्राइन, सीव्हीएस (हृदय-रक्तवाहिन्या) आणि जीआयटी (पचनमार्ग) एवढे चार चॅप्टर एका पानावर आले. बाणांची अशी पानं कर. परिच्छेद लिहू नको.

बायोकेमिस्ट्रीसाठी थोडक्यात: ग्लायकोलिसिसच्या (ग्लुकोज फोडण्याच्या) १० पायऱ्या कोऱ्या कागदावर काढ. एकेरी वाटेच्या तीन ठळक कर: हेक्सोकायनेज, पीएफके-१, पायरुवेट कायनेज. प्रत्येक सायकलला तेच तीन प्रश्न: कुठं होतं, कुठल्या एन्झाइमवर ताबा आहे, ते बिघडलं तर कुठला आजार. बाकी नंतर भरतं.

अंकी म्हणजे प्रश्न-उत्तराची कार्डं. तुला जे येतं ते अ‍ॅप उशिरा विचारतं, जे येत नाही ते लवकर. कॉम्प्युटरवर आणि अँड्रॉइडवर फुकट आहे, आयफोनवर पैसे पडतात. कवटीच्या कुठल्या फोरामेनमधून (भोकातून) काय जातं, एन्झाइम आणि आजार, नॉर्मल व्हॅल्यूज, यासाठी उत्तम. वर सांगितलेल्या घामाच्या गोष्टीसाठी निरुपयोगी. आणि पोरं हजारो कार्डांचे तयार डेक उतरवतात ते अमेरिकेच्या परीक्षेसाठी बनवलेले असतात, त्यांच्या नादाला लागू नको. तुझी कार्डं तू बनव, दिवसाला थोडीच. कुर्डुवाडीला रेल्वेनं जात असशील तर तेवढ्या वेळात आठवड्याची सगळी कार्डं फिरून होतात. मोबाइल नको असेल तर वहीच्या पानाचे चौकोन कापून रबर लाव, काम तेच.

उजळणीचं अंतर: दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्यानं, मग महिन्यानं. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की विसरणं सुरुवातीलाच सगळ्यात वेगानं होतं. म्हणून दुसऱ्या दिवशीची उजळणी कितीही छोटी असो, ती चुकवायची नाही. पहाटे तीनपर्यंत जागून नऊच्या लेक्चरला डुलक्या घेणं थांबव. झोपेतच दिवसभराचं पक्कं होतं.

इंग्रजीचं शेवटी लिहिते, कारण ते मला सगळ्यात जवळचं आहे. समजून मराठीतच घे. मी बॅरोरिसेप्टर आजीला तेलुगूत सांगितलाय, आणि तिनं मध्येच ‘मग ते कळतं कसं?’ विचारलं तेव्हा मला कळलं की कॅरोटिड सायनसची भिंत ताणली जाते हे मी सांगितलंच नव्हतं. समजलं की मग इंग्रजीत उत्तर लिही, छोट्या वाक्यांत. पोझिशन, एक्स्टेंट, रिलेशन्स, ब्लड सप्लाय, नर्व्ह सप्लाय, अप्लाइड. या हेडिंगखाली चार-पाच शब्दांची वाक्यं आणि एक स्वच्छ आकृती. दर रविवारी मागच्या पेपरातला एक लाँग क्वेश्चन घड्याळ लावून लिही. तुझं अक्षर बरं आहे म्हणतोस, ते तिथं कामाला येईल.

पॅथवाला

वरचं बहुतेक पटतं, पण एका गोष्टीवर वेगळं मत आहे. मी पॅथॉलॉजीत पीजी करतो. पूर्ण नोट्स काढूच नका, असा अर्थ पोरं काढतील आणि फायनल इयरला हातात काहीच नसेल. फर्स्ट इयरच्या आकृत्या मला अजून लागतात. एका टॉपिकची एक-दोन पानं, हातानं, नीट, जपून ठेवण्यासारखी असायला हवीत. टॅबबद्दल एवढंच की ज्याच्याकडे आहे त्यानं अपराधी वाटून घेऊ नये, पीडीएफवर खुणा करायला बरा पडतो. हातानं लिहिलेलं जास्त लक्षात राहतं असा २०१४ चा एक अभ्यास सगळे सांगत फिरतात, पण नंतर तो परत करून पाहिला तेव्हा फरक तितका स्पष्ट आला नाही. साधन कुठलंही असो, आकृती स्वतः काढली का, हे बघा.

विणकराची_लेक

दादा, मान्य आहे. जपायची पानं हवीतच. माझं म्हणणं क्रमाबद्दल आहे: पहिल्या वाचनाला ती पानं करायची नाहीत. दोन-तीनदा कोऱ्या कागदावर झुंजून झालं की काय महत्त्वाचं ते कळतं, आणि तेव्हा केलेलं पान खरंच एक-दोन पानांत बसतं. पहिल्याच दिवशी केलं तर रजिस्टर भरतं, त्याचंच आत्ता झालंय.

माढ्याचा_पोरगा

ताई, दादा, खूप आभार. ताईंचं वाचून काल रात्री कोऱ्या कागदावर ब्रेकियल प्लेक्सस काढायला बसलो. रूट आणि ट्रंक आले, डिव्हिजननंतर अडलो. लाल पेनानं भरला. आज सकाळी परत काढला तेव्हा पोस्टेरिअर कॉर्डपर्यंत गेलो.

दोन शंका. भरलेल्या रजिस्टरचं काय करू, फेकायला नको वाटतं. आणि एकट्यानं मोठ्यानं बोलायला रूममध्ये जमत नाही, रूम पार्टनर वैतागतात.

विणकराची_लेक

रजिस्टर फेकू नको. ते आता तुझं तपासायचं पुस्तक. कोरा कागद भरून झाला की जाड पुस्तकाऐवजी आधी रजिस्टरशी ताडून बघ, लवकर होतं. प्रत्येक पानाच्या समासात दोन-तीन प्रश्न लिही, म्हणजे तेही उपयोगात येईल.

बोलण्यासाठी बाहेर पड. मी आणि माझी मैत्रीण संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाच्या कडेनं चालायचो. एकीनं विचारायचं, दुसरीनं सांगायचं, अडलं की जागा बदलायची. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत तिथं पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा हॉस्टेलच्या गच्चीवर. जोडीदार असा शोध जो तुला ‘बरोबर आहे रे’ म्हणून सोडून देणार नाही. आणि तुझ्या नोट्सची झेरॉक्स मागणाऱ्या पोरांना झेरॉक्सबरोबर एक अट घाल: आधी पाच प्रश्न विचारायचे, मग पानं.

सेकंड_इयर_सोलापूर

आणि हिस्टॉलॉजीची (ऊतींच्या स्लाइडची) जर्नल वेळच्या वेळी सही करून घे. शेवटच्या आठवड्यात सगळी बॅच एकदम जाते आणि मग अभ्यासाचे दिवस त्यात जातात. लॉगबुकचंही तेच.

माढ्याचा_पोरगा

बरं झालं हिस्टॉलॉजीचं काढलंत. मला सगळ्या स्लाइड गुलाबी-जांभळ्याच दिसतात. थायरॉइड तेवढी ओळखू येते. लिंफ नोड आणि स्प्लीन (प्लीहा) कायम उलटसुलट होतात.

पॅथवाला

हे माझं खातं, मी सांगतो. जांभळं दिसतं ते हिमॅटॉक्सिलिननं रंगलेलं न्यूक्लिअस, गुलाबी ते इओसिननं रंगलेलं सायटोप्लाझम आणि कोलॅजन. म्हणजे जिथं पेशींची दाटी तिथं जांभळं, हे आधी धर.

प्रत्येक स्लाइड आधी कमी पॉवरला बघ, एकदम हाय पॉवरला जाऊ नको. लिंफ नोडला कॅप्सूलच्या लगेच खाली फिकट पट्टी दिसते, ती सबकॅप्सुलर सायनस. तिच्या आत कडेकडेनं फॉलिकल ओळीनं बसलेले, मध्यभागी मेड्युला. कॉर्टेक्स आणि मेड्युला असा भेद स्पष्ट कळतो. स्प्लीनमध्ये कॉर्टेक्स-मेड्युला काही नाही. लाल पल्पमध्ये जांभळी बेटं विखुरलेली, ती व्हाइट पल्प, आणि प्रत्येक बेटात एका बाजूला सरकलेली छोटी आर्टेरिओल. ती आर्टेरिओल दिसली की स्प्लीन, नक्की. कॅप्सूलमधून आत घुसलेले जाड ट्रॅबेक्युलेही बघ.

जर्नलमध्ये आकृती पुस्तकातून उतरवू नको. मायक्रोस्कोपला डोळा लावून पेन्सिलनं काढ आणि खाली ओळखायचे तीनच मुद्दे लिही. स्पॉटिंगला (स्लाइड ओळखण्याच्या परीक्षेला) तेच तीन लिहायचे असतात.